कुंडलिकेच्या पाण्यावर

कोकणातील बहुतेक नद्या आषाढ-श्रावणात दुथडी भरून वाहतात आणि माघ सरतो न सरतो तोच पात्रातील धोंडे उघडे टाकून डोहांपुरत्या उरतात. परंतु रायगड जिल्ह्यातील कुंडलिका भर वैशाखातही सकाळच्या प्रहरी खळाळत असते, आणि मुंबई-पुण्याची जी कुटुंबे मुलाबाळांसह कोलाडला येऊन तिच्यावर होड्या घालतात, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते की, ज्या पाण्यावर आपण तरंगतो आहोत ते बव्हंशी या नदीचे नव्हेच. सह्याद्रीच्या पूर्वेस मुळशी येथे मुळा नदी अडवून जो विस्तीर्ण तलाव झाला, त्याचे पाणी डोंगराच्या पोटातून आणि पोलादी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरून भिऱ्याच्या वीजगृहातील चक्रे फिरविते व मग कुंडलिकेत येते. निसर्गक्रमाने भीमा-कृष्णेच्या संगतीने बंगालच्या उपसागराकडे जावयाचे हे जळ अशा रीतीने रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. १९२७ साली हे वीजगृह चालू झाले. त्यापूर्वी, १९२१ पासून, ज्यांच्या जमिनी बुडावयाच्या होत्या त्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, आणि त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे ‘सेनापती’ म्हणूनच महाराष्ट्रास परिचित झाले. सहलीच्या दिवशी मुलांना हा इतिहास अवश्य सांगावा, कारण त्या गावांच्या त्यागाचा अंश या प्रवाहात आहे, आणि तो जाणल्यावाचून नदीशी आपली खरी ओळख झाली असे मला वाटत नाही.

पाणी सोडण्याचा शिरस्ता विजेच्या गरजेवर अवलंबून असल्यामुळे नौकाविहाराची वेळही आपल्या मर्जीने ठरत नाही. सकाळी विसर्ग झाला म्हणजे नदीच्या उताराच्या टप्प्यात रबरी तराफे सोडतात. हा खेळ धाडसी आहे, आणि लहान मुलांसाठी नव्हे. कुटुंबाने जावे ते खालच्या अंगास, डोळवहाळच्या बंधाऱ्याने तुंबविलेल्या संथ पाण्यावर, जेथे दोन्ही काठांची झाडी पाण्यात उतरलेली दिसते आणि खंड्या पक्ष्याची निळी झेप पाहण्यास मुलांना पुरेसा अवकाश मिळतो. बंधाऱ्याच्या भिंतीपासून मात्र दूर राहावे. तिच्यावरून पाणी सांडत असेल तर पायथ्याशी उलटा फिरणारा जो प्रवाह तयार होतो, तो वरून अगदी निरुपद्रवी दिसत असूनही त्यात सापडलेल्या माणसास पुनःपुन्हा भिंतीकडेच ओढीत राहतो.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारीची नाव: लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बसविलेली, अरुंद, हलकी आणि पाण्याच्या इतकी लगत की तीत बसणारा जवळजवळ पाण्यातच बसलेला असे. आज आपल्याकडे मिळते ती प्लास्टिकची, बैठक वरच्या बाजूस असलेली, उलटली तरी माणूस तीत अडकणार नाही अशी. म्हणूनच नवशिक्यांस तीच योग्य. दोघांच्या नावेत अनुभवी माणसाने मागे बसावे, कारण दिशा मागूनच राखता येते. पुढे बसलेल्या मुलाने गती ठरवावी आणि मागच्याने आपले दुतोंडी वल्हे त्याच्या लयीत टाकावे, एरवी दोन्ही वल्ही एकमेकांवर आदळतात. बळ दंडांतून नव्हे, तर कमरेपासून वळणाऱ्या धडातून यावयास हवे, हे एकदा अंगवळणी पडले की अर्ध्या तासात थकणारा माणूस दोन तास सुखाने वल्हवू शकतो. आणि तरंगजाकीट? ते पट्टे आवळून घातल्यावर खांद्यांशी धरून वर उचलून पाहावे. कानांपर्यंत सरकले तर ते त्या मुलाच्या मापाचे नाही, मग मालक काहीही म्हणो.

दुपारनंतर धबधब्यांची ओढ लागते, आणि ती स्वाभाविक आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरून हा मुलूख घडला. त्यांतील काही थर घट्ट, काही सच्छिद्र व ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो, त्यावरचा कठीण कातळ ओठासारखा पुढे राहतो, आणि त्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी दगडगोटे घुसळीत खोल कुंड कोरते. भिऱ्याजवळील देवकुंड, ज्यास कुंडलिकेचा उगम मानतात, असेच रानातल्या पायवाटेने गाठावयाचे स्थळ आहे. त्याची निळाई मनोहर आहे खरी, परंतु कोसळत्या धारेखालचे फेसाळ पाणी हवेने भरलेले असल्याने त्यात शरीर तरंगण्याची शक्ती घटते, आणि पट्टीचा पोहणाराही तेथे अकस्मात खाली जातो. पावसाळ्यात या जागी जाण्यास सरकारी मनाई हुकूम निघतात, त्याचे कारण याहून मोठे आहे: वर ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर, जेथे वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, एक सर कोसळली की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण असेच वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांस धरून ते उभे होते, आणि काठावरच्या लोकांना ते डोळ्यांदेखत पाहावे लागले.

म्हणून सहलीचा योग्य काळ दसरा-दिवाळीचा, जेव्हा धारा जिवंत असतात व आकाश निवळलेले असते. गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा. त्याची मजुरी हा या दिवसाचा सर्वांत सार्थ खर्च होय. पाणी गढूळ झाले, त्यातून पाने-काटक्या वाहू लागल्या, किंवा त्याचा आवाज बदलला, तर तो ‘चला’ म्हणेल. त्या वेळी डबा अर्धा खाऊन झालेला असला तरी तो तेथेच झाकून, मुलांचे हात धरून, ज्या काठाने परत जावयाचे त्या काठावर आधी यावे.