वाऱ्याचा हिशेब

उमरी तालुक्यातील भाविकास नांदेडच्या हुजूरसाहिबाहून अमृतसरच्या दरबारसाहिबास जाताना सचखंड एक्स्प्रेसने सुमारे २,००० किलोमीटरांची, दीड दिवसाची मजल मारावी लागते; वस्तुतः पृथ्वीच्या गोलपृष्ठावरील लघुतम अंतर १,४०० किलोमीटरांच्या आसपासच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या विमानसेवेने ही तफावत प्रथम प्रत्ययास आणली. ताशी ८०० किलोमीटर वेगाने हे अंतर पावणेदोन तासांत सरावे. परंतु चढण, उतरण आणि धावपट्टीवरील संथ चाल यांपायी काळ दोन तासांपलीकडे जातो. त्यातच हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानावर, दहा-बारा किलोमीटर उंचीवरून, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा प्रबळ वायुप्रवाह विमानास आडवा येतो; मार्ग ढळू नये म्हणून वैमानिकास विमानाचे नाक किंचित पश्चिमेस वळवून ठेवावे लागते, आणि मला खरे नवल वाटते ते याचे की, जाताना काय अन् येताना काय, वेगाचा काही अंश या आडव्या वाऱ्यापायी खर्ची पडतोच.