मोडीत निघणाऱ्या तंतुकणिका

कफ परेडच्या मच्छीमार नगरापासून दक्षिणेस नेव्हीनगरची वाट धरली म्हणजे थोड्याच अंतरावर टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. पदार्थविज्ञान आणि गणित यांकरिता ख्यातकीर्त असलेल्या या संस्थेत पवित्रकुमार मैत्र आणि झिटा लोबो यांनी यीस्टसारख्या क्षुद्र गणलेल्या जीवाच्या शर्करापचनाचा कारभार वर्षानुवर्षे कसून तपासला, ही गोष्ट मुंबईकरांच्या कानांवर फारशी आलेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते. १९७७ साली त्यांनी यीस्टच्या अशा वाणांची हकीकत प्रसिद्ध केली की, ज्यांत शर्करेच्या विघटनातील अखेरच्या टप्प्याचे पायरुव्हेट कायनेज हे विकर निकामी झाले होते; अशा वाणाची वाढ ग्लुकोजवर खुंटते, पण मद्यार्कावर तो जगतो, कारण तेथे त्याचा सारा भार प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांवर असतो.

पाव फुगविणाऱ्या साध्या यीस्टची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. मुबलक साखर मिळाली की केवळ किण्वनावर त्याचे भागते आणि तंतुकणिकांचा मोठा ताफा निरुपयोगी ठरतो. त्यात अन्नातील नत्र संपला तर नवी प्रथिने रचण्यास लागणारा मालही उरत नाही. अशा वेळी पेशी काय करते? जून उजाडून मासेमारी बंद झाली आणि होड्या शाकारल्या, की तांडेल ज्याप्रमाणे कुजकी फळी काढून टाकतो आणि कामाचा खिळा राखून ठेवतो, त्याप्रमाणे पेशी आपल्या तंतुकणिकांपैकी काही मोडीत काढते व त्यांतील द्रव्य पुन्हा वापरात आणते.

यीस्टमधील अशा मोडणीचे पहिले दर्शन योशिनोरी ओसुमी यांना घडले. १९८८ साली टोकियो विद्यापीठात स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाल्यावर त्यांनी मुद्दाम असे यीस्ट निवडले की, ज्याच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या पचनकोठीत, प्रथिने पचविणारी विकरे नव्हती. कोठीत शिरलेला माल तेथे न पचता साठून राहील, असा त्यांचा तर्क होता. उपासमार सुरू करून अर्धा तास लोटतो न लोटतो तोच साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रिक्तिकेत गोल गोल पिंड अविरत थरथरताना दिसू लागले. पेशीने आपलाच माल पचविण्याच्या या स्वभक्षणाची पहिली पंधरा जनुके त्यांनी १९९३ मध्ये जाहीर केली, आणि २०१६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु नेमकी तंतुकणिकाच मोडावी, हे पेशी ठरविते कशी, या प्रश्नाचा निकाल २००९ साली लागला. ओसुमींच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये आणि डॅनियल क्लिओन्स्की यांच्या गटाने अमेरिकेत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तंतुकणिकेच्या बाह्य पटलात रोवलेले एटीजी-३२ हे प्रथिन शोधून काढले. उपासमारीत या प्रथिनाचे प्रमाण वाढते. कॅसीन कायनेज-२ हे विकर त्यावर फॉस्फेटचा शिक्का उमटविते. तो शिक्का पाहून एटीजी-११ हे दुसरे प्रथिन त्यास येऊन मिळते. मग तंतुकणिकेच्या त्या तुकड्याभोवती दुहेरी पटलाची पिशवी वळत जाऊन बंद होते, आणि तिची रवानगी रिक्तिकेत होऊन अमिनो आम्ले पेशीच्या जमेस परत येतात.

एटीजी-३२ नसलेले यीस्ट एरवी सुखाने वाढते, म्हणून या सर्व खटाटोपाचे प्रयोजन काय, अशी शंका कोणासही यावी. तिचे उत्तर २०१२ च्या प्रयोगांनी दिले: दीर्घकाळ नत्राविना ठेवलेल्या अशा पेशींत निरुपयोगी तंतुकणिका तशाच राहतात, त्यांतून प्राणवायूची दाहक संयुगे पाझरतात, आणि त्या दाहाने तंतुकणिकांचा स्वतःचा डीएनएच नष्ट होतो. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. कारण पेशी केवळ बिघडलेल्या तंतुकणिका मोडीत काढते असे नसून, धडधाकट असूनही गरजेपेक्षा अधिक झालेल्या तंतुकणिकांची संख्या ती वेळीच आवरते, हे त्यातून उघड झाले.

मनुष्याच्या पेशींत बिघडलेल्या तंतुकणिका मोडीत काढण्याचे काम पिंक-१ आणि पार्किन ही प्रथिने करतात, व त्यांच्या जनुकांतील दोषांमुळे तरुण वयात कंपवात जडतो. शिवाय सस्तन प्राण्यांतील बीसीएल-२-एल-१३ हे आणखी एक प्रथिन २०१५ साली जपानी शास्त्रज्ञांनी एटीजी-३२ नसलेल्या यीस्टमध्ये घातले, तेव्हा त्या यीस्टमध्ये तंतुकणिकांची मोडणी पुन्हा सुरू झाली.