अंगावरचा सुगंध: पुरुषांचे काही पक्के गैरसमज

सुगंध विकत घेणारे बहुतेक पुरुष ऐकीव गोष्टींवर विसंबतात. गुलाब बायकांचा आणि ऊद पुरुषांचा, अत्तर शुद्ध आणि स्प्रे म्हणजे केमिकल, महाग असेल तर दिवसभर टिकणार. हे सगळं इतक्या खात्रीने सांगितलं जातं की तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. त्यात खिशाला चाट बसते आणि लोकलच्या डब्यात शेजारी उभ्या असलेल्या माणसाचं डोकं दुखतं, ते वेगळंच.

‘फुलांचा वास बायकी असतो’ हा यातला सर्वांत रुजलेला समज. आपल्या इतिहासात त्याला आधार नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांमध्ये सुगंधी लेप आणि धूप यांची सविस्तर वर्णनं आहेत. सुगंधी द्रव्यांवरच्या ‘गंधवाद’ या ग्रंथावर तर जुनी मराठी टीका उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आयुष्य घालवलेल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतीय सुगंधविद्येच्या इतिहासावर जे चिकाटीचं काम केलं, त्यातून अशा पोथ्यांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. सुगंध घडवण्याची विद्या मराठीत समजावून सांगावी असं शतकांपूर्वी कुणाला तरी वाटलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. लग्नाच्या मांडवात गुलाबपाणी शिंपडताना आणि हाताला अत्तर लावताना पुरुष पाहुण्यांना कुणी वगळत नसे. मोगऱ्याचा किंवा हिन्याचा फाया कानात ठेवणारे आजोबा अनेकांनी पाहिलेले आहेत.

मग ही वाटणी आली कुठून? मुख्यतः विक्रीतून. ज्या ओल्ड स्पाइसचा वास आपल्याकडे दाढी केलेल्या बापाचा वास म्हणून ओळखला जातो, त्या नावाने अमेरिकेत 1937 साली आधी बायकांसाठीचा सुगंध बाजारात आला. पुरुषांसाठीची उत्पादनं आली ती 1938 मध्ये. म्हणून दुकानात ‘फॉर मेन’चा कप्पा ओलांडून पलीकडेही हुंगून पाहायला लाजू नका.

दुसरा समज शुद्धतेचा. ‘अल्कोहोल नाही म्हणजे अस्सल’ असं अत्तराबद्दल सर्रास बोललं जातं. उत्तर प्रदेशातल्या कनौजची अत्तर काढण्याची पारंपरिक पद्धत खरोखरच सुंदर आहे. तांब्याच्या डेगमध्ये फुलं आणि पाणी घालून मंद आचेवर तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथे आधीपासून असलेल्या चंदनाच्या तेलात फुलांचा गंध मुरत जातो. पण चंदनाचं तेल आता इतकं महाग झालं आहे की बऱ्याच मालात त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन वापरतात, आणि स्वस्त कुप्यांमध्ये गंधही कारखान्यातला असतो. एक साधा हिशेब लक्षात ठेवा. एक किलो गुलाबतेल काढायला साधारण तीन ते चार टन पाकळ्या लागतात. शंभर रुपयांच्या कुपीत ते असणं शक्य नाही. कुपीत अल्कोहोल नसतं हे खरं, पण तेवढ्याने आतला गंध फुलांचा ठरत नाही.

आणि कृत्रिम म्हणजे वाईट, हेही खरं नाही. उलट काही नैसर्गिक तेलंच त्वचेला जास्त त्रास देतात. प्रक्रिया न केलेलं बर्गमॉटचं तेल लावून उन्हात गेलं तर त्वचेवर काळे डाग पडू शकतात. दाढी केल्याकेल्या गालावर तर काहीच फवारू नये.

किंमत आणि टिकाऊपणा यांचं नातंही लोक समजतात तितकं सरळ नाही. कोलोनमध्ये सुगंधी द्रव्याचं प्रमाण ढोबळमानाने 2 ते 5 टक्के, ईडीटीमध्ये (ओ द त्वालेत) 5 ते 15, ईडीपीमध्ये (ओ द पार्फम) 15 ते 20. तरीही लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके रेणू लवकर उडतात, मग बाटली कितीही महाग असो. चंदन, ऊद, कस्तुरीसारखे जड गंध रेंगाळतात. कोरड्या त्वचेवरून सुगंध लवकर जातो. थोडं साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर आधी लावलं तर फरक पडतो.

आता सर्वांत त्रासदायक गैरसमज: ‘मला वास येत नाही, म्हणजे उडाला.’ नाकाला सतत येणारा गंध मेंदू थोड्याच वेळात दुर्लक्षून टाकतो. काही कस्तुरीसारखे कृत्रिम गंध तर कित्येकांना मुळातच जाणवत नाहीत. अशा वेळी माणूस दुपारी पुन्हा फवारतो, संध्याकाळी पुन्हा, आणि त्याच्या टेबलाशेजारी बसणारी व्यक्ती संकोचाने गप्प राहते. दम्याच्या किंवा अर्धशिशीच्या रुग्णासाठी हा नुसता नावडीचा प्रश्न उरत नाही. सकाळी दोन फवारे किंवा अत्तराचा एक थेंब ऑफिसला पुरतो. शंका आली तर घरातल्या माणसाला विचारा, स्वतःच्या नाकाला नको. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात गोड, जड सुगंध अंगावर येतात. तिथे आणि विदर्भाच्या उन्हाळ्यातही वाळा चांगला, हिना थंडीसाठी ठेवावा.

डिओ मारला की अंघोळ टळते, असं मानणारी मुलं आहेत. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, काखेतले जिवाणू त्याचं विघटन करतात तेव्हा तो येतो. म्हणून आधी अंघोळ, कोरडं अंग, मग डिओ. घामच रोखायचा असेल तर अल्युमिनियमचे क्षार असलेलं अँटीपर्स्पिरंट वेगळं मिळतं.

मनगटं घासल्याने रेणू ‘तुटतात’ हे खोटं. फक्त उष्णतेने सुरुवातीचे हलके गंध लवकर उडून जातात. दुकानातल्या कॉफीच्या बियांनी नाक ताजंतवानं होतं याला भक्कम पुरावा नाही, दाराबाहेर जाऊन मोकळी हवा घेतलेली बरी. बाटली बाथरूममध्ये ठेवू नका, ऊन आणि ओल तिला बिघडवतात.

दिवाळीच्या खरेदीला निघाल तेव्हा एका फेरीत तीन-चार सुगंधांपलीकडे जाऊ नका. कागदाच्या पट्टीवर नुसती चाळणी लावा, आवडलेला एकच हातावर घ्या आणि पैसे न देता घरी या. संध्याकाळी उरलेला वास आवडला तर छोटी कुपी घ्या. ती संपेपर्यंत मोठी बाटली घेऊ नका.