कूपनांच्या पुस्तिकेला पर्याय कोणता?

जाम (जि. वर्धा) : स्नेहसंमेलन जवळ आले की अनेक शाळांत मुलांच्या दप्तरातून कूपनांची पुस्तिका घरी येते. शेजारी-पाजारी खपवायची, उरतील ती वडिलांनी घ्यायची. नाव विक्रीचे, प्रत्यक्षात ती पालकांवर बसविलेली पट्टीच असते. शहरी सोसायटीत हा प्रकार हसण्यावारी जातो. समुद्रपूर तालुक्यातील जामच्या परिसरात मात्र घरची मिळकत कापूस-सोयाबीनच्या भावावर ठरते. तेथे न खपलेली पुस्तिका परत नेणे म्हणजे घरची परिस्थिती वर्गापुढे उघडी करणे होय.

कायद्याची अडचण वेगळीच. शासनमान्य नसलेल्या सोडतीसाठी कार्यालय चालविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार गुन्हा आहे. 'लकी ड्रॉ' काढणाऱ्या शाळांनी त्यामुळे सावध राहिलेले बरे. चॉकलेटे-वेफर्स विकून निधी जमविण्याची वाटही अरुंद झाली आहे. अतिरिक्त चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि भोवतालच्या ५० मीटर परिसरात मुलांना विकण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मनाई केली आहे.

मग पैसा आणायचा कोठून? या प्रश्नाचा सर्वांत धाडसी विचार याच जिल्ह्यात झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. मुलांनी हस्तोद्योग शिकावा आणि त्यातील उत्पन्नातून कालांतराने शिक्षकांचे वेतन निघावे, अशी अपेक्षा परिषदेने ठरावात व्यक्त केली. या स्वावलंबनाला प्रा. के. टी. शहा यांनी तेव्हाच आक्षेप घेतला. पुढे डॉ. झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला दिली. पण मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याकडेच शिक्षकांचे लक्ष लागेल, असा इशाराही अहवालात दिला. योजना मांडणाऱ्यांनीच तिचा धोका लिहून ठेवावा, हे विशेष. सेवाग्रामची बंद पडलेली नई तालीमची शाळा 'आनंद निकेतन' या नावाने २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

वेतनाचा भार मुलांच्या हातांवर टाकण्याचे आज कोणी सुचविणार नाही. सहलीचा किंवा ग्रंथालयाचा खर्च मात्र निघू शकतो. स्काउट-गाइडची 'खरी कमाई' याच तत्त्वावर चालते : काम करा, मोबदला घ्या. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवीला गिऱ्हाईक आहे. जुन्या साड्या-चादरींतून शिवलेल्या पिशवीला भांडवलही जेमतेम लागते. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो तो जामचा चौरस्ता प्रवाशांच्या चहापाण्याचे ठिकाण. तेथे अशा मालाला बाजार शोधावा लागणार नाही. शहरातील शाळांना घरोघरची रद्दी गोळा करण्याचा मार्ग आहेच. त्यात कोणाच्या खिशाला झळ बसत नाही.

अटी दोन. शिवणकाम कार्यानुभवाच्या तासातच व्हावे आणि गिऱ्हाईक गाठण्याचे काम मोठ्यांनी करावे. महामार्गावर मुलांना उभे करू नये. हिशेबासाठी सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात. किती पिशव्या विकल्या, किती रुपये आले आणि ते कशावर खर्च झाले, हे त्यांनी सूचनाफलकावर लावायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.