बिनभाराचा खांब

रहाटणीतून काळेवाडीकडे निघा नाहीतर पिंपळे सौदागरकडे, दहा मिनिटांत एखादं तरी ग्रीक देऊळ लागतंच. त्यावर पाटी मंगल कार्यालयाची असते किंवा सोसायटीची, चौकीत वॉचमन मोबाईलवर कीर्तन ऐकत बसलेला असतो. पण दर्शनी बाजूला चार पांढरे खांब, त्यांच्या डोक्यावर सोनेरी पानांचा गुच्छ आणि वर तिकोनी कपाळ, असा सगळा सरंजाम अथेन्सचा. बिल्डर त्याला ‘एलिव्हेशन’ म्हणतो, डेकोरेशनवाले ‘रोमन पिलर’ म्हणतात. ग्रीक कोणीच म्हणत नाही, आणि खरं सांगायचं तर डेकोरेशनवाल्यांचंच बरोबर आहे.

मी या खांबांच्या नादी लागलो तो एका वळवाच्या पावसामुळे. मे महिना, भाचीचं लग्न, लॉन्सवरचा मांडव. अक्षता पडून पंगत बसायच्या आतच वारं सुटलं आणि स्टेजशेजारचा दहा फुटी खांब आडवा झाला. बायका किंचाळल्या, आजोबा लोक खुर्च्या सोडून उठले. तेवढ्यात केटरिंगची दोन पोरं आली, एकानं खांब काखेत मारला, दुसऱ्यानं त्याचं डोकं उचललं आणि उसाची मोळी न्यावी तसा तो मांडवाबाहेर नेऊन ठेवला. तोवर मी खांबाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. पाहिलं आणि बोटाच्या पेरानं वाजवलंही. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

असे खांब जिथे बनतात ती एक शेड मग शोधून काढली. वर पत्रे, खाली चिकट फरशी, हवेत रेझिनचा डोकं धरणारा वास. मालक लातूरकडचा, पन्नाशीचा. साच्याला तो ‘डाय’ म्हणतो. खांबाचे दोन अर्धे साचे असतात, उभी चिरलेली शेवग्याची शेंग असावी तसे. आतून मेणाचं पॉलिश मारायचं, म्हणजे माल साच्याला धरत नाही. त्यावर जेलकोटचा पांढरा थर. बाहेरून जे दिसणार ते हेच. मग काचेच्या तंतूंची मॅट फाडून अंथरायची, हार्डनर घातलेलं रेझिन ब्रशनं थोपटायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन. उन्हाळ्यात हार्डनर जरा जास्त झालं तर हातातला डबाच दगड होतो, पावसाळ्यात माल सुकता सुकत नाही. दोन्ही अर्धे सुटले की जोडून सांध्यावर पुट्टी आणि घासकाम. सोसायटीच्या गेटला लागतात ते खांब याहून जाड, सिमेंट, बारीक वाळू आणि काचेचे तंतू एकत्र करून फवारलेले. त्यांना जीआरसी म्हणतात. तेही आतून पोकळच. आत खरा आरसीसीचा चौकोनी खांब उभा असतो, त्याच्याभोवती ही अर्धगोल कवचं बोल्टनं आवळायची. भार पडतो तो आतल्यावर. बाहेरच्याचं काम एवढंच, की आतला दिसू नये.

“काका, ह्याला वजन घ्यायला नको, नजर घ्यायला पाहिजे,” मालक म्हणाला. वाक्य चांगलं आहे हे त्यालाही माहीत होतं. आणखी एका गिऱ्हाइकाला त्यानं ते माझ्यासमोरच ऐकवलं.

त्या खांबाला मी पन्हळी मोजल्या, सोळा भरल्या. अथेन्सच्या पार्थेनॉनच्या खांबाला वीस असतात. ते देऊळ इ. स. पू. ४४७ ते ४३२ या काळात उभं राहिलं. बाहेरच्या रांगेत पुढे-मागे आठ-आठ आणि बाजूंना सतरा-सतरा खांब, प्रत्येक साधारण साडेदहा मीटर उंच. हा डोरिक घाट, सगळ्यांत राकट, पायाला बैठक नाही आणि डोक्यावर नक्षी नाही. खांब एकसंध दगडाचा नसून संगमरवरी चकत्यांची चळत असते, चकत्या बरोबर एकावर एक बसाव्यात म्हणून मधोमध लाकडी गुडदी. पन्हळी कोरायच्या त्या खांब उभा राहिल्यावर. आणि खांब सरळ नसतोच. वर निमुळता होताना मध्ये किंचित फुगतो, ओझं उचललेल्या माणसाच्या पोटरीसारखा. कोपऱ्यातले खांब बाकीच्यांपेक्षा जरा जाड आणि सगळेच अंमळ आत झुकलेले. आमच्या शेडमधला खांब मात्र सरळसोट, कारण पोट काढलेला साचा करायचा तर खर्च वाढतो.

या साऱ्या दगडी डौलाच्या मुळाशी सुतार आहे. ग्रीकांची जुनी देवळं लाकडाची होती. ऑलिंपियातल्या हेरा देवीच्या देवळात लाकडी खांब एकेक करून किडत गेला तसा दगडी बसवला गेला. तो त्या-त्या पिढीच्या चवीनं घडवल्यामुळे तिथल्या खांबांची डोकी एकमेकांशी जुळत नाहीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा प्रवासी तिथे गेला, तेव्हा मागच्या दालनात ओकचा एक खांब अजून उभा होता. डोरिक देवळात खांबांच्या वर जी उभ्या खाचांची पट्टी दिसते, ती म्हणजे तुळयांची टोकं असं मानतात. त्यांच्याखाली दगडात कोरलेले छोटे थेंब दिसतात, त्या लाकडी खुंट्या. दगडाला खुंटीची गरज नाही, तरी कोरली. इटलीतल्या एत्रुस्कन लोकांनी तर खांब आणि आढी बहुतेक लाकडाचीच ठेवली आणि वर भाजल्या मातीची कौलं व मूर्ती चढवल्या. रोमनांनी त्यांचा साधा, बिनपन्हळीचा खांब उचलला आणि त्याला ‘तुस्कन’ म्हटलं. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकारानं त्याचं मापही देऊन ठेवलंय, उंची जाडीच्या सातपट.

आपल्याकडे वाड्याचा लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा राहतो, वर हस्त आणि हस्तावर तुळई. पेशवाईत त्याला सुरूच्या झाडाचा घाट आला, केळफुलाची नक्षी आली. पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात ते खांब पाहावेत. एकाही मंगल कार्यालयाला सुरूचा खांब का सुचला नाही, हे मला कळत नाही. कदाचित वाडा म्हटलं की भाऊबंदकी आठवत असेल.

आता सोनेरी पानांच्या गुच्छाकडे. हा कोरिंथियन घाट, गिऱ्हाइकांचा लाडका. त्याची गोष्ट व्हिट्रुव्हियसच सांगतो. कोरिंथ गावात एक लग्नाच्या वयाची मुलगी वारली. तिच्या दाईनं तिच्या आवडीची भांडीकुंडी टोपलीत भरून थडग्यावर ठेवली आणि पाऊस लागू नये म्हणून वर एक कौल ठेवलं. टोपली नेमकी अकँथस नावाच्या झुडपाच्या मुळावर आली. वसंतात पानं टोपलीभोवती वर चढली आणि कौलाच्या कोपऱ्यांना अडून बाहेर वळली. कॅलिमाकस हा शिल्पी तिथून चालला होता, त्यानं ते पाहिलं आणि खांबाचं नवं डोकं घडवलं. खरी असो नसो, गोष्ट सुंदर आहे. न झालेल्या लग्नाचं ते पान आज लग्नाच्या मांडवात सोनेरी रंगवून उभं असतं. अकँथसचं गोत आपल्याला परकं नाही. अडुळसा त्याच कुळातला, कोरांटी त्याच कुळातली, आणि मावळात जिच्या कुडाच्या भिंती होतात ती कारवीही त्याच कुळातली.

डेकोरेशनवाल्यांचं बरोबर का, ते रोममध्ये कळतं. रोमनांना कमान आणि काँक्रीट साधलं. भार कमानींनी पेलला आणि खांब मोकळा झाला, म्हणजे शोभेला उरला. इ. स. ८० मध्ये खुलं झालेलं कलोसियम पाहा. खालच्या तीन मजल्यांवर दर मजल्याला ऐंशी कमानी, आणि दोन कमानींच्या मधोमध भिंतीला चिकटवलेला अर्धा खांब. खाली तुस्कन धाटणीचा, मधल्या मजल्यावर आयोनिक, त्याच्या वर कोरिंथियन. काढून टाकले तरी इमारत हलणार नाही. खरा खांब काय असतो हे रोमनांना ठाऊक नव्हतं असं नाही. पँथिऑनच्या ओसरीसाठी त्यांनी इजिप्तमधून सोळा एकसंध ग्रॅनाइटचे खांब आणले, प्रत्येक जवळपास बारा मीटरचा. पण आत भार घेणारं एक आणि बाहेर दाखवायचं दुसरं ही सोय त्यांचीच. आमच्या सोसायटीच्या गेटवर ‘नकली’ म्हणून हसणाऱ्यानं आधी कलोसियमवर हसावं.

एक फरक मात्र आहे. पांढरंशुभ्र देऊळ ना ग्रीकांनी केलं ना रोमनांनी. त्यांची देवळं लाल-निळ्या रंगांत रंगवलेली असत. रंग उडाल्यावर युरोपनं त्यांना पाहिलं आणि उडालेल्या रंगालाच अभिजात ठरवलं. इंग्रजांनी तोच फिका खांब इकडे आणला. मुंबईचा टाउन हॉल, जिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे, १८३३ मध्ये पुरा झाला. कर्नल थॉमस कूपरचा आराखडा, तीस पायऱ्या आणि वर डोरिक खांबांची रांग. खांब विलायतेहून बोटीनं आले होते. सरकारी कचेरी, बँक, कोर्ट यांच्याशी तो खांब जोडला गेला तो तेव्हापासून. दरारा पाहिजे तर खांब पाहिजे.

पण ग्रीसशी नातं सांगणारा खांब रहाटणीपासून लोकलच्या अंतरावर टाउन हॉलच्याही सतरा-अठराशे वर्षं आधी उभा होता. चिंचवडला लोणावळा लोकल धरायची, मळवलीला उतरायचं. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. एकवीरा आईला निघालेल्या कोळी-आगरी मंडळींच्या गर्दीतून पायऱ्या चढून वर गेलं की देवळाला लागूनच चैत्यगृह आहे. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, जवळपास तेवढंच उंच. डोंगरात कोरलेल्या चैत्यगृहांत देशात सगळ्यांत मोठं. आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीचे खांब, स्तूपामागे सात साधे. काही खांबांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत देणगीदारांची नावं आहेत. त्यात धेनुकाकट गावचे यवन आहेत, सिहधय नावाचा एक, धम्म नावाचा दुसरा. यवन हा शब्द आयोनियावरून आला, पुढे पश्चिमेकडून आलेल्या कोणालाही लागला. नावं इथलीच. हे जन्माचे ग्रीक होते की इथे मुरलेले व्यापारी, यावर अभ्यासकांची भांडणं चालू आहेत, आणि धेनुकाकट नेमकं कुठे यावरही. दामोदर कोसंबींनी ते कार्ल्याच्या आसपासच शोधलं. डेक्कन क्वीननं रोज मुंबई गाठणारा हा गणिती सुटीला याच डोंगरांतून हातात काठी घेऊन हिंडत असे. धम्म यवनाच्या खांबावर त्यांना एक स्फिंक्सही दिसला, माणसाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेला.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आपला यवनाचा खांब शोधत होतो, म्हणजे पन्हळी, पानं, काहीतरी. तसलं काही नाही. चढत्या पायऱ्यांवर मोठा घट, त्यातून निघालेला अठपैलू खांब, वर उलटं कमळ, त्यावर पालथ्या पायऱ्या आणि टोकाला गुडघे टेकलेले हत्ती, त्यांच्यावर बसलेली जोडपी. तो एक स्फिंक्स सोडला तर यवनाचा खांब आणि शेजारचा खांब, घाट एकच. लेख वाचता आला नाही तर फरक सांगता येणार नाही. खांबांच्या देशाशी नाव जोडलेल्या माणसांनी पैसे दिले आणि इथल्या कारागिराला इथलाच खांब करू दिला. ती मालकी मला आवडली.

आणि मग लक्षात आलं की हे खांबही कशाचा भार घेत नाहीत. हे उभारलेले नाहीत, कोरून उरवलेले आहेत. भोवतालचा कातळ काढला, खांबापुरता ठेवला. वरचा डोंगर स्वतःचा स्वतः उभा आहे. छताला सागवानी कमानींच्या बरगड्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अस्सल लाकडाच्या. त्याही काही पेलत नाहीत. लाकडी सभागृहाला बरगड्या असायच्या म्हणून इथेही बसवल्या. खाली भाज्याला तर आणखी गंमत. तिथले खांब आत कललेले आहेत, कारण लाकडी मांडवाचे खांब छपराचा रेटा सोसायला तसे कललेले रोवत. कातळात रेटा कुठून येणार? तरी कलवले. ग्रीकांच्या दगडी खुंट्यांचीच ही जात. कार्ल्याचं दार ज्यानं केलं त्याचं नावही तिथेच कोरलेलं आहे, वेणुवासाचा मुलगा सामी, राहणार धेनुकाकट. पेशा लिहिलाय वढकी, म्हणजे सुतार.

परतल्यावर त्या शेडमध्ये गेलो. कार्ल्याच्या खांबाचा फोटो मालकाला दाखवला. त्यानं हात पुसले, फोन आडवा धरला, हत्तीपाशी दोन बोटांनी मोठा केला.

“हे दोन तुकड्यांत सुटायचं नाही, काका. सोंडेखाली अडकतंय. रबराचा डाय लागेल, वरचं डोकं वेगळं, घट वेगळा.” मग थोडा वेळ नुसता पाहत राहिला. “खालच्या मडक्याचा घेर किती आहे?”

मी घेर मोजला नव्हता.

“मग टेप घेऊन जा की परत,” तो म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला.