शिक्षेपूर्वीचा अवधी

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी फ्लोरिडातील पार्कलंड शाळेच्या हत्याकांडात ज्युरीने फाशीऐवजी जन्मठेप सुचवली. बारांपैकी तिघे फाशीस राजी नव्हते आणि कायद्याला एकमत हवे होते. पुढील वर्षी तेथे आठ मते पुरेशी ठरली. भारतात आता ज्युरी नाही. पहिला निर्णय सत्र न्यायाधीश एकटेच घेतात, उच्च न्यायालयाची मान्यता नंतर लागते. म्हणून दोषसिद्धी व शिक्षा यांमधील अवधी मला मोलाचा वाटतो. पीडितांच्या कुटुंबांना तो असह्य होतो, हे मान्य. परंतु १९८०च्या बचन सिंग निकालानुसार गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही तपासावा लागतो. त्यासाठी पुरेशी संधी म्हणजे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये घटनापीठाकडे सोपवला. ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी एका दुपारीत उरकण्याजोगी नाही.