आडवं केलेलं इंजिन

साध्या टू-स्ट्रोक इंजिनाला तेल साठवायला वेगळी जागा नसते. तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. ज्या पिढीने पंपावर स्कूटर लावून ‘दोन लिटर, ऑइल टाकून’ असं सांगितलं, तिला हे समजावून द्यायला नको. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या पोटात तेलाचं कुंड असतं. ते इंजिन आडवं केलं की तेल भलतीकडे जातं आणि जिथे हवं तिथे पोचत नाही. टू-स्ट्रोकचं तसं नाही. कार्बोरेटर तेवढा सरळ राहिला की बाकीचं इंजिन उभं असो, आडवं असो, चालत राहतं. 1952 साली सिडनीच्या कॉन्कॉर्ड या उपनगरात, घरामागच्या गॅरेजमध्ये, मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन यांनी नेमका याच गुणाचा उपयोग केला. त्यांनी व्हिलियर्सचं छोटं टू-स्ट्रोक इंजिन एका अंगावर आडवं केलं. त्यामुळे क्रँकचा दांडा उभा झाला. दांड्याच्या खालच्या टोकाला पाती बसवली की ती थेट जमिनीला समांतर फिरतात. मध्ये गिअर नको, साखळी नको, पट्टा नको.

बाकीचं यंत्र भंगारातून उभं राहिलं. सांगाड्याला भंगारातलं लोखंड, मुलांच्या हातगाडीची चाकं, आणि पेट्रोलच्या टाकीला पीच या फळाचा रिकामा डबा. ऑस्ट्रेलियात हा नमुना आजही ‘पीच टिन’ याच नावाने ओळखला जातो. रिचर्डसन तेव्हा साठीकडे झुकलेले होते. त्यांचा मुलगा गॅरी शिकत असताना लोकांची लॉन कापून पैसे मिळवायचा आणि त्याच्यासाठीच वडिलांनी आधी इंजिनावर चालणारी दुसऱ्या पद्धतीची मशीनं बनवून पाहिली होती. नव्या यंत्राला त्यांनी स्वतःच्या मधल्या नावावरून नाव दिलं: व्हिक्टा.

फिरत्या पात्याची कल्पना मात्र त्यांची एकट्याची नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं. सिडनीतच लॉरेन्स हॉल यांनी ‘मोहॉल’ नावाचं असं यंत्र आधी केलं होतं. पण ते इतकं जड होतं की एकाने दोरीने ओढायचं आणि दुसऱ्याने मागून ढकलायचं. रिचर्डसन यांनी तीच कल्पना एका माणसाच्या हातात येईल इतकी हलकी केली. माझ्या मते हे काम मूळ कल्पनेइतकंच मोठं आहे.

त्याआधीची सव्वाशे वर्षं गवत कापलं जायचं ते रिळाच्या मशीनने. 1830 साली इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंग यांनी ते शोधलं. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव एकसारखी कातरायला फिरत्या पात्यांचं यंत्र असे, त्यावरून त्यांना ते सुचलं. रिळाचं मशीन कात्रीच्या तत्त्वावर चालतं. फिरती पाती खालच्या स्थिर पात्यावर घासत जातात आणि मध्ये आलेलं गवत कापतात. इंग्लंडच्या बारीक, नेमाने कापल्या जाणाऱ्या हिरवळीला ते छान चालतं. सिडनीचं गवत वेगळं आहे. इथे पूर्व आफ्रिकेतून आलेलं किकुयू उन्हाळ्याच्या पावसात बघता बघता घोट्याच्या वर जातं आणि त्याचे जाड धुमारे एकमेकांत गुंतून गादी तयार होते. अशा गवतात रिळाचं मशीन अडकतं. फिरतं पातं मात्र कात्री नसून विळा आहे. गवताला खाली टेकू लागत नाही, नुसत्या वेगाने ते छाटलं जातं.

आणि आपली हरळी! सिडनीच्या अंगणांत जे गवत ‘काऊच’ म्हणून ओळखलं जातं ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने गणपतीला वाहतो तीच दूर्वा. थंडीत ती इथे पिवळी पडून झोपते. गणेशोत्सव येतो तो हिवाळा सरता सरता, म्हणजे ती नुकती जागी होत असते. त्यामुळे उन्हाच्या बाजूला जिथे पहिले कोवळे शेंडे फुटतात तो कोपरा आम्ही गणपती होईपर्यंत मशीनपासून राखून ठेवतो. बाकीचं अंगण कापायचं, पण तिकडे चाक न्यायचं नाही.

युद्धानंतरच्या ऑस्ट्रेलियात पाव एकराचा प्लॉट हे मध्यमवर्गाचं ठरलेलं स्वप्न होतं. पाव एकर म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठे. त्यातून घराचा भाग वगळला तरी पुढेमागे बरंच गवत उरतं आणि माळी ठेवण्याची इथे रीत नाही. नोकरदार माणसाने सुट्टीच्या दिवशी स्वतः कापायचं. व्हिक्टा या गरजेत नेमकी बसली. 1953 मध्ये रिचर्डसन यांनी नोकरी सोडली. 1958 मध्ये कारखाना सिडनीच्याच मिलपेरा भागात गेला, तेव्हा वर्षाला सुमारे 1,43,000 मशीनं तयार होत होती आणि 28 देशांत जात होती. सुरुवातीला बाहेरून येणारी इंजिनं पुढे कंपनी स्वतःच बनवू लागली. साठच्या दशकात याच कंपनीने हेन्री मिलिसर यांनी आखलेलं ‘एअरटूरर’ हे दोन माणसांचं छोटं विमानही बांधलं. 15 सप्टेंबर 2000 रोजी सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात लॉनमोअर ढकलणाऱ्यांचं पथक मैदानावर आलं, तेव्हा त्याचा अर्थ इथल्या कुणालाही सांगावा लागला नाही.

माझ्याकडे आहे ते मशीन सत्तरच्या दशकातलं, 160 सीसीचं. नगरपालिकेच्या नेमून दिलेल्या दिवशी लोक नको असलेलं सामान रस्त्याच्या कडेला ठेवतात, त्यात ते होतं. अशी जुनी मशीनं अजूनही मिळतात आणि बहुतेकदा त्यांना झालेलं काही नसतं. ती नुसती थांबलेली असतात.

अशा मशीनला हात लावण्यापूर्वी पहिलं काम एकच: प्लगची वायर काढून लांब करायची. पातं हाताने फिरवताना इंजिन एकदा जरी पेटलं तर बोटं जातील. त्यानंतर दोरी हळूच ओढून बघायची. मध्येच दोरी जड झाली पाहिजे, हाताला दाब जाणवला पाहिजे. दाब असेल तर पिस्टन आणि रिंग अजून कामाच्या आहेत आणि पुढची मेहनत फुकट जाणार नाही. मग प्लग काढून त्याचा चेहरा वाचायचा. काळा, तेलकट असेल तर मिश्रणात तेल जास्त पडत होतं किंवा ठिणगी कमी होती. पांढरटसर, भाजलेला असेल तर इंजिन हवा जास्त आणि पेट्रोल कमी घेऊन तापत होतं. तपकिरी असेल तर उत्तम.

वरचं झाकण काढलं की फ्लायव्हील दिसतं. त्याच्या पंख्यांची हवा सिलिंडरच्या पत्र्यांवरून जाते आणि इंजिन गार राहतं. माझ्या मशीनच्या झाकणाखाली वाळक्या गवताचा घट्ट थर बसला होता. तो काढताना सिलिंडरचे पत्रे एकेक करून मोकळे झाले, जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने. फ्लायव्हील पुलर लावून निघालं. त्याच्याखाली कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर. पॉइंटच्या दोन टिकल्यांवर राखाडी बुरशीसारखी पापडी चढलेली. बारीक पॉलिश पेपर दुमडून दोन्ही टिकल्यांच्या मध्ये धरायचा, हलकेच ओढायचा, मग कोरा कागद ओढून धूळ काढायची आणि फीलर गेजने फट लावायची. हे काम करताना मला दर वेळी आनंद होतो. स्कूटरच्या गॅरेजात पाय मुडपून बसलेल्या मिस्त्रींना मी हेच करताना पाहिलं आहे. प्लग झाकणाच्या धातूला टेकवून दोरी ओढली आणि निळी, जाड ठिणगी उडाली. बिघाडाचा अर्धा संशय तिथेच मिटला.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते सीलकडे, आणि नेमकं तिथेच बहुतेक लोक बघत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसता डबा नाही, तो पंप आहे. पिस्टन वर जातो तेव्हा खाली पोकळी तयार होते आणि हवा, पेट्रोल, तेल यांचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबलं जाऊन सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांनी वर चढतं आणि जाता जाता जळका धूर बाहेर ढकलतं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सगळं काम पिस्टनच्या येण्याजाण्यावर चालतं, म्हणून डबा हवाबंद असला पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांच्या रबरी सील वाळल्या की बाहेरची हवा आत शिरते. ती हवा पेट्रोल न घेता येते, तेल न घेता येते. इंजिन आपोआप रेस होतं, ऐकणाऱ्याला वाटतं काय जोरात चाललंय, आणि आत पिस्टन कोरडा घासत असतो. खालच्या सीलचे हाल जास्त, कारण पात्याजवळ गवताचे धागे आणि सुतळी दांड्याला गुंडाळत जातात आणि सीलची कड खातात. माझ्या मशीनमध्ये नायलॉनची हिरवी दोरी वितळून तिथे चिकटलेली होती. ती सुरीच्या टोकाने सोडवून दोन्ही सील नव्या घातल्या. सीलची किंमत किरकोळ आहे. ती न बदलता इंजिन चालवणं मात्र महागात पडतं.

कार्बोरेटर प्लास्टिकचा आहे. पितळेच्या कार्बोरेटरची सवय असलेल्यांना तो हलका वाटतो, पण बनवणाऱ्यांनी विचार करून बनवलेला आहे. गंजत नाही, वजन नाही, स्क्रू सोडले की सगळा हातात. मात्र तीव्र सॉल्व्हंटमध्ये बुडवून ठेवायचा नाही, प्लास्टिक फुगतं. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश आणि जेटच्या भोकातून फुंकलेली हवा एवढं पुरतं. पडदा आणि गोल रबरी रिंगा मात्र नव्या हव्यात. जुन्या पेट्रोलचा रोगण झालेला असतो, त्याने त्या कडक होतात.

पेट्रोलचं प्रमाण हा वादाचा विषय, तरी उत्तर सोपं आहे. या काळातल्या मशीनला 25 भाग पेट्रोलला 1 भाग तेल, म्हणजे 5 लिटरला 200 मिली. आणखी जुन्या, पन्नासच्या दशकातल्या मशीनांना तेल जास्त लागतं. त्यांच्यावर किंवा त्यांच्या पुस्तिकेत जे छापलं आहे तेच पाळावं. पेट्रोल इथेनॉल नसलेलं घ्यावं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर नरम करतं. न्यू साउथ वेल्समध्ये 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं. भारतात आता 20 टक्क्यांचं आलं आहे, तेव्हा घरी जुनी आरएक्स किंवा लुना जपणाऱ्यांनाही हीच काळजी आहे.

पाती उलटून बघितल्यावर मला या यंत्राबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटला. पातं एका सलग पट्टीचं नाही. मधोमध गोल थाळी, आणि तिच्या कडेला छोटी पाती एकेका बोल्टवर सैल लटकलेली. इंजिन फिरलं की ती बाहेर फेकली जाऊन ताठ होतात. दगड लागला तर मागे वळतात आणि क्रँक वाचतो. सलग पट्टी दगडावर आपटली तर तो धक्का थेट क्रँकला बसतो. 46 सेंटिमीटरची थाळी मिनिटाला 3,000 फेऱ्यांनी फिरते तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर असतो. म्हणून पाती नेहमी पूर्ण संच बदलावीत, एकट्याला नवं आणि दुसऱ्याला जुनं असं नाही. वजन सारखं नसेल तर सगळं मशीन थरथरतं. अनवाणी किंवा चपलेवर कापू नये, आणि मुलांना अंगणातून आत पाठवावं.

पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आधी एक भुसकन धूर, मग अडखळत, मग एकदम सलग आवाज. दर फेरीला एक स्फोट असल्यामुळे टू-स्ट्रोकचा आवाज फोर-स्ट्रोकपेक्षा दाट असतो. गवत उंच आलं की आवाज जरा खाली जातो आणि लगेच सावरतो. त्यावरून हाताला कळतं की कुठे वेग कमी करायचा, कुठे अर्ध्याच पट्ट्याने जायचं. उतारावर हे मशीन निर्धास्त चालतं, तेलाचं कुंड नसल्याने तिरकं झालं तरी बिघडत नाही. सिडनीच्या वायव्येकडच्या चढउताराच्या अंगणांत त्याची किंमत कळते. कापताना गवताच्या उंचीचा वरचा एक तृतीयांश भागच काढावा. एकदम खरवडलं की किकुयूच्या गादीतले तपकिरी देठ उघडे पडतात.

धुराबद्दल गप्प बसणं बरोबर नाही. टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येतं त्याच क्षणी धुराची वाटही उघडी असते, त्यामुळे त्यातला मोठा भाग न जळताच बाहेर जातो. ही मांडणीतलीच उणीव आहे, कितीही नीट दुरुस्ती केली तरी जात नाही. भारतात 2000 नंतरच्या प्रदूषण नियमांनी टू-स्ट्रोक स्कूटर मागे पडल्या. ऑस्ट्रेलियाने 2017 चा कायदा करून 1 जुलै 2018 पासून जास्त धूर सोडणाऱ्या छोट्या इंजिनांची आयात आणि निर्मिती थांबवली, पुढच्या वर्षी विक्रीही. मला हा कायदा योग्य वाटतो. लाखो अंगणांत दर आठवड्याला हे इंजिन चालावं असं मी म्हणणार नाही. जुनी मशीनं वापरायला त्यात मनाई नाही. मी माझं महिन्यातून एखाददा काढतो, दाट गवताच्या दिवसांत आणि उताराच्या बाजूला. उरलेलं काम बॅटरीच्या मशीनने होतं आणि चांगलं होतं.

काम संपल्यावर पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रोगण साचत नाही. पात्याखालचं ओलं गवत लाकडी पट्टीने त्याच दिवशी खरवडायचं, कारण रात्रभर राहिलं तर त्याचा लगदा चिकटून बसतो. मशीन कलतं करताना कार्बोरेटरची बाजू वर ठेवायची. थंडीआधी टाकी रिकामी करायची, प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल आत सोडायचं, दोरी दोनदा सावकाश ओढायची आणि प्लग हाताने परत बसवायचा.